नाबोथाविरुद्धचे दोघे

तिगाव
१० नोव्हेंबर २०२४

चि. धनश्रीले आजीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोनच केला असता, पण फोन वीरेंद्रचा, आणि हातात देऊन तो बाजूलेच बसून राहते. तुझा मामा असला, माझा पुतण्या असला, तरी ही गोष्ट त्याच्यासमोर बोलायची नाही.

तुझ्या होस्टेलात सिस्टरबाईनं बायबलातली नाबोथाची गोष्ट वाचली म्हणते. राजाले त्याची द्राक्षाची बाग पाहिजे होती, तो म्हणे बापजाद्यांची आहे, देत नाही. मग राणीनं दोन साक्षीदार उभे केले, यानं देवाले आणि राजाले शिव्या दिल्या म्हणून वदवलं, आणि लोकायनं त्याले दगडांनी मारलं. तुले रडू आलं म्हणे. मले नाही आलं. गॅसवरची भाजी करपली तरी मी पत्र धरून बसून राहिली. सिस्टरबाईले एक विचार. त्या दोघांची नावं काय होती? पुढं काय झालं त्यायचं?

काऊन विचारते ते सांगते. आपल्या बागेले लागून गुणवंताची संत्र्याची बाग. तिथंच झाडावर चढून तू फ्रॉक फाडला होता. झाडं त्याच्या बापानं लावलेली, कागद बायकोच्या, कलाबाईच्या नावाचे. वीरेंद्रले ती बाग पाहिजे, ते दोघं देत नाहीत. जूनमध्ये वीरेंद्रची विहिरीवरची मोटर चोरीले गेली. पोलिसांचा जमादार आला, ओसरीवर चहा प्याला, म्हणे माल सापडला की जब्तीच्या कागदावर दोन पंच लागतात. एक ट्रॅक्टरवाला राजू झाला. दुसऱ्यासाठी वीरेंद्र म्हणाला, आमची काकू अंगठा नाही लावत, सही करते. झालं, माझी मान ताठ. गल्लीतल्या म्हाताऱ्यायमध्ये तिसरी शिकलेली मी एकटी. चष्मा मागितला आणि कोऱ्या कागदावर नाव लिहून दिलं, उकारासकट.

मागून त्यायनं सहीच्या वर लिहून भरलं, की गुणवंताच्या गुरांच्या कोठ्यातून मोटर निघाली आणि ती निघताना मी पाहिली. मी ओसरीवरून उठलीही नव्हती.

गुणवंता पाच महिन्यांपासून जेलात आहे. जामिनाले कोणी उभं राहिलं नाही. कलाबाई एकटी अंबिया बहाराची संत्री राखून राहिली, आणि वीरेंद्र तिले येताजाता विचारते, बाग लिहून देते का. तीन डिसेंबरले माझी साक्ष आहे. वीरेंद्र म्हणते, सही माझी एवढंच बोलायचं.

मले हे केव्हा कळलं, असं विचारशील. दुसऱ्याच दिवशी. ताट त्याच्या घरचं, म्हणून गप्प राहिली.

लोभ ठेवण्यासारखी वाटली तर ठेव.

तुझी आजी
यमुना


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

सिस्टरांना विचारलं. राजाराणीची नावं आहेत, त्यांना मिळालेला शापही आहे. त्या दोघांचं नाव कुठंच नाही, पुढचंही काही नाही. सिस्टर म्हणाल्या, दयाच केली म्हणायची.

तुझं पत्र वाचून राग आला. मामाचा नंतर, आधी तुझा. गल्लीभर सगळ्यांचे कान उपटणारी तू, आणि पाच महिने गप्प! एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तो फ्रॉक कलामामीनंच शिवून दिला होता, तू मारशील म्हणून. टाके तुलाही दिसले नव्हते.

काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मामानं घरात ठेवलं नाही तर आईकडे सौंसरला जा. ती चिडेल, पण दार उघडेल. चष्मा विसरू नकोस.

लोभ आहेच, तो असा मागू नये.

तुझी
धनश्री


सौंसर
९ डिसेंबर २०२४

चि. धनश्रीले आजीचे आ.

वरचा पत्ता पाहून समजलीच असशील. एक पिशवी घेऊन आली. तुझी आई गरम पोळी वाढते आणि बोलत नाही. भावाच्या विरोधात गेली ना मी. असू दे, माझ्याही तोंडाले आराम.

कोर्टात जजसाहेबानं आधी नाव विचारलं. मले नाबोथाविरुद्धचे ते बिननावाचे दोघं आठवले, आणि मी नाव असं ठणकावून सांगितलं की मागच्या बाकावर वीरेंद्रनं मान खाली घातली. कागद दाखवला. सही माझी म्हटलं. पण ती केली तेव्हा कागद कोरा होता, मोटर निघताना मी पाहिली नाही, हेही म्हटलं. सरकारी वकील चिडला, मले फितूर म्हणाला, घरात भांडण झालं का विचारलं. मी म्हटलं, आज संध्याकाळी होईल. माझ्यामागून राजू उभा राहिला, तर त्यालेही काही आठवेना.

गुणवंताले जामीन मिळाला. निकाल बाकी आहे, पण वकील म्हणते सुटेल. तो माझ्यासमोरून गेला. एरवी लांबून यमुनामाय म्हणून हाक मारायचा. मीही कोणत्या तोंडानं बोलावू?

कलाबाई मात्र पायरीवर थांबली. मी म्हटलं, बाई, आता बाग तरी वाचली. ती म्हणाली, पाच दिवस झाले, लिहून दिली. एकटीनं किती दिवस राखायची. कागदावर अंगठा लावला म्हणे, पण आधी दोनदा दुसऱ्याकडून वाचून घेतला. मी निरक्षर आहे ना, म्हणाली, म्हणून. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मले उत्तर देता आलं असतं.

पाच दिवस, धनश्री. आणि माझ्याजवळ पाच महिने होते.

तुझ्या सिस्टरले सांग, नावं नाहीत ही दया नाही. नाव लागलं की माणूस निदान खरं सांगायले उभं तरी राहते.

लोभाचं तू लिहिलं, ते ठेवून घेते. खाली सही करते. या वेळी वरचं सगळं वाचून पाहिलं.

यमुना