आडव्या पट्ट्यांची चादर

४ नोव्हेंबर
माझ्या चादरीच्या अर्जावर पेटंट ऑफिसचं पत्र आलंय. पुण्याच्या वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. चादरीत नवं काय, याचे चार दावे केले होते, तीन उडाले. जाड सूत, वारा खेळणारी वीण, उभ्या पट्ट्या, सगळं आधीच कुणीतरी करून बसलंय म्हणे. सोलापुरात तीस वर्षं चादरींची डिझाइनं काढली, आणि हे मला शिकवणार! डोकं फिरलं. जेवण गेलं नाही.

५ नोव्हेंबर
बाईंचा परत फोन. "काका, चौथा दावा टिकतोय. आडव्या पट्ट्या, आणि माकडहाडाखाली मोकळी जागा. हे कुणीच केलेलं नाही. उत्तर त्यावरच देऊ."
बरं म्हणालो. फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिलो. चौथा दावा माझा नाहीच.

६ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. माझ्या बायकोला, लक्ष्मीला, अर्धांगवायू होऊन सहा वर्षं. पडून पडून पाठीला जखमा, म्हणून तिच्यासाठी चादर विणली. उभ्या, उठावाच्या पट्ट्यांची. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अहो, टोचतंय की हे. पट्ट्या आडव्या घ्या, आणि हाडाखाली जागा सोडा."
मी काय म्हणालो? "पडून पडून तुला विणकाम कळायला लागलं व्हय?"
महिन्याभराने गुपचूप तसंच विणलं. जखमा सुकल्या. अर्जात शोधक म्हणून नाव एकट्या माझं. तिने विचारलंसुद्धा नाही. लाज वाटते.

९ नोव्हेंबर
बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकूंचं नाव घालायचा अर्ज करू. त्यांची सही लागेल. डाव्या हाताची चालेल." रागावल्या नाहीत. तिच्या सहीशिवाय उत्तर पाठवायचं नाही, मीच सांगून टाकलं.

११ नोव्हेंबर
कागद आले. सौ.ला उशी लावून बसवलं, सगळं वाचून दाखवलं. हसली. "आत्ता आठवलं व्हय?"
पेन हातात दिलं, तर बाजूला ठेवलं. "तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होता, ते लिहा आधी."
"अगं, सरकारी कागद आहे," मी म्हणालो.
"मग कोऱ्यावर लिहा. मोठ्या अक्षरात. मला पडून वाचता आलं पाहिजे."

१२ नोव्हेंबर
लिहिलं. खाली 'चुकलो' असंही लिहिलं, ते तिने सांगितलं नव्हतं. तिच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं. बाईंचे दोन फोन येऊन गेले. सहीचा कागद तिच्या उशाशी, सहीची जागा कोरीच. दुपारी कुशीवर वळवायला गेलो तर म्हणाली, "थांबा की. वाचतेय अजून."