‘प्रतीक्षा’ ऐवजी वाचावे

मी, कुमारी मृणालिनी शंकर टिपणीस, वय वर्षे सत्त्याहत्तर, व्यवसाय मुद्रितशोधन, राहणार विलेपार्ले पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉ. रेवती सबनीस यांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात तेवीस चुका निघाल्या, त्यातली एक माझ्या आडनावात, म्हणून मीच लिहायला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं, तर त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासावेत. माझं आहे की नाही ते लगेच कळेल.

१. पार्ल्याचा दोन खोल्यांचा ब्लॉक मी स्वकष्टार्जित पैशांतून घेतला. तो माझ्या भावाचा मुलगा ओजस टिपणीस याला द्यावा. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. ओजस पवईला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझं संकेतस्थळ बंद पडलं की रविवारी येऊन चालू करून देतो आणि वर बोलूनही घेतो. “आत्या, ‘अनुस्वार’ हा काय पासवर्ड आहे? कोणीही ओळखेल.” मी म्हटलं, “ओळखू दे रे, बरोबर लिहिता कोणाला येतोय!” बँकेतल्या ठेवी त्याने संकेतस्थळाच्या वार्षिक खर्चासाठी राखून ठेवाव्यात.

२. आमच्या सोसायटीला माझा मोठा शब्दकोश द्यावा आणि तो सूचनाफलकाखाली साखळीने बांधून ठेवावा. ‘पाणि येणार नाहि’ ही सूचना मी लाल शाईने दुरुस्त केली म्हणून सेक्रेटरींनी मला लेखी समज दिली होती. त्या समजपत्रात सात चुका होत्या. तेही मी दुरुस्त करून परत पाठवलं आहे, तेव्हा आमचं खातं बरोबरीत आहे.

३. ‘शुद्धिपत्र’ हे संकेतस्थळ, त्यावरचे लेख, चित्रांचे फोटो आणि सगळा पत्रव्यवहार. माझी खरी इस्टेट ही.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात मी चौतीस वर्षं प्रुफं वाचली. चित्रकलेवरची आणि समीक्षेची पुस्तकं बहुतेक माझ्याकडे यायची. त्यांत चित्राखाली छापलेलं असायचं : ‘कोळीण. मॉडेल अज्ञात.’ ‘चित्रकार अज्ञात.’ अज्ञातमधला ‘ज्ञ’ नीट उमटला आहे की नाही, एवढंच पाहायचा मला अधिकार होता. ती कोळीण कोण, हे विचारायचा नव्हता. निवृत्त झाल्यावर, २००९ साली, मी तो अधिकार स्वतःच घेतला. सुरुवातीला वाचक तीन होते, त्यातला एक ओजस. आज नागपूर, कोल्हापूर, कारवार, लंडन अशा ठिकाणचे चाळीसएक अभ्यासक तिथे लिहितात, एकमेकांचं वाचतात, भांडतात आणि एक पैसा न घेता दुरुस्त्या पाठवतात. चारशे बारा चित्रांखालचा ‘अज्ञात’ आम्ही खोडला आणि तिथे माणसाचं नाव लिहिलं. लंडनच्या एका बाईंनी आमच्या एका तळटिपेवरून आपल्या छापलेल्या पुस्तकातलं प्रकरण बदललं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. नम्रपणा दाखवायला आता फारसा वेळ उरलेला नाही.

संकेतस्थळाचे नियम बदलू नयेत. दोन पुरावे असल्याशिवाय नाव लावायचं नाही. आपली स्वतःची आठवण हा पुरावा नव्हे. चूक पुसून टाकायची नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची, म्हणजे आपण कुठे चुकलो होतो ते दिसत राहतं. आणि वाचायला कोणाकडूनही नाव, पत्ता, पैसे मागायचे नाहीत.

४. प्रा. परेश सरंजामे यांना लाल-निळ्या पेन्सिलींचा एक डझनाचा खोका द्यावा, टोकं करून. कारण पुढे येतच आहे.

परेश एका मोठ्या संस्थेत कलाविभागाचे प्रमुख आहेत. मागच्या वर्षी ते घरी आले आणि म्हणाले, “बाई, ‘शुद्धिपत्र’ आता घरगुती राहिलेलं नाही. आमच्या संस्थेकडे द्या. सभासदांपुरतं ठेवू, संस्थापक-मार्गदर्शक म्हणून माझं नाव राहील.” मी विचारलं, “परेश, स्थापना झाली त्या दिवशी तू कुठे होतास?” त्यांनी चहा अर्धा टाकला. संकेतस्थळ त्यांना किंवा त्यांच्या संस्थेला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

पण माझा त्यांच्यावरचा राग जुना आहे आणि तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. १९९८ साली त्यांनी ‘प्रतीक्षा’ या चित्रावर एक लेख लिहिला. चित्र नाना पाणंदीकरांचं : खिडकीशी बसलेली एक तरुण बाई, मांडीवर कागदांची चळत, केसांत काहीतरी खोवलेलं. चित्राला ‘प्रतीक्षा’ हे नाव नाना गेल्यानंतर विकणाऱ्यांनी दिलं. परेशनी पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छपाईवरून लिहिलं की ही परित्यक्ता आहे, जुनी प्रेमपत्रं वाचते आहे, आणि केसांतली ती वठलेली डहाळी म्हणजे तिचं वाळून गेलेलं आयुष्य. लेख गाजला. पाठ्यपुस्तकात गेला. पुढे चित्राच्या मालकांनी आम्हाला रंगीत फोटो पाठवला. त्यात डहाळीचं एक टोक लाल आणि एक निळं निघालं. त्यावर परेशनी नव्या आवृत्तीत लिहिलं की लाल म्हणजे विझलेली इच्छा आणि निळं म्हणजे अथांग वाट पाहणं. माणूस हुशार आहे, यात वाद नाही.

५. ती बाई मी आहे.

१९७४ साली नानांच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग आमच्या छापखान्यात होता. प्रुफं घेऊन मी त्यांच्या वर्सोव्याच्या घरी गेले. वय सव्वीस, लग्न करायचं नाही हे ठरलेलं, आणि नोकरी आवडती. नाना म्हणाले, “हलू नकोस गं, अशीच बस.” मी म्हटलं, “अहो, तुमच्या पहिल्याच पानावर सतरा चुका आहेत. मी हलणार.” तरी त्यांनी काढलंच. नाव ‘प्रुफं’ ठेवतो म्हणाले. मी कोणाची वाट पाहत नव्हते. मांडीवर प्रेमपत्रं नव्हती, तपासायला आणलेली गॅलीप्रुफं होती, आणि केसांत मुद्रितशोधकाची लाल-निळी पेन्सिल होती. मी काम करत होते. त्या चित्रात मी सुंदर दिसते, आणि काम करताना दिसते म्हणून दिसते.

पहिला पुरावा माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे : त्याच कॅटलॉगचं एक गॅलीप्रूफ. समासात माझ्या खुणा आणि मागे नानांच्या हाताचं पेन्सिलचित्र, खाली ‘टिपणीसबाई प्रुफं वाचताना. रविवारी रंगवायला घेतो’ आणि तारीख. दुसरा पुरावा नव्हता. चारशे बारा जणांना लावलेला नियम मला स्वतःला लावणं भाग होतं, म्हणून संकेतस्थळ सुरू केल्यावरही मी चौदा वर्षं, आणि मग दुसऱ्याच कारणाने आणखी दोन वर्षं, गप्प बसले. ते फार जड गेलं.

६. श्रीमती जया हरेश्वर भानजी, राहणार वर्सोवा, यांना या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेलं नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात, आणि मला तिच्याकडून सही हवी आहे.

जयाची आई चांगुणा ही आमच्या यादीतल्या ‘मॉडेल अज्ञात’ कोळिणींपैकी एक. लेकीच्या मोबाइलवर आईचा चेहरा पाहून जया पत्ता शोधत माझ्या दारात आली, मांदेलीची पिशवी घेऊन. तेव्हापासून येते. दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर तो रंगीत फोटो होता. तिने हात पुसले, फोटो उचलला आणि म्हणाली, “ही तूच ना गं बाई? माझी आय त्या घरी मासळी द्यायला जायची, मी तिचा पदर धरून. तू त्या नानालाच झापत होतीस, ‘हे काय लिहिलंय’ म्हणून. मी घाबरले होते ना!” तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी तिला काहीएक सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर रडले, आणि मासळी मांजराने नेली.

मग, दुसरा पुरावा मिळाला तेव्हाच का छापलं नाही? कारण पुढच्या कलमात आहे.

७. माझ्या धाकट्या बहिणीची नात, डॉ. स्वरदा. ‘शुद्धिपत्र’ तिला मिळावं अशी माझी इच्छा आहे. चित्राकडे आधी बघणारी आणि मग बोलणारी तिच्या पिढीतली मला एवढीच भेटली.

स्वरदा, तुझ्या प्रबंधाची प्रुफं मी वाचली. पान १४३ वर तू परेशचा आधार घेऊन त्या परित्यक्तेबद्दल लिहिलं आहेस. परेश तुझे मार्गदर्शक होते. मी खूण केली असती तर तुझी पदवी अडली असती. तुझी नोकरी अजूनही त्यांच्या विभागात आहे आणि कायम झालेली नाही. मी ते पान तसंच जाऊ दिलं. समजून-उमजून सोडलेली माझी ही एकच चूक, आणि ती मला रोज दिसते. तू म्हणशील, “मावशीआजी, माझी वाट लागेल ना!” लागू शकते, खोटं कशाला सांगू. म्हणून सक्ती नाही. संकेतस्थळ घेतलंस तर पहिलं काम खालची दुरुस्ती छापण्याचं. नको असेल तर ओजस छापेल. त्याला चित्र आणि कॅलेंडर यांतला फरक कळत नाही, पण अक्षर न् अक्षर तसंच उतरवेल. तू छापलंस तर मला जास्त आवडेल, एवढंच.

छापायचा मजकूर, कानामात्रा न बदलता :

शुद्धिपत्र. नाना पाणंदीकर, तैलरंग, १९७४. ‘प्रतीक्षा’ ऐवजी ‘प्रुफं’ वाचावे. ‘मॉडेल अज्ञात’ ऐवजी ‘मृणालिनी टिपणीस, मुद्रितशोधक’ वाचावे. डॉ. स्वरदा यांच्या प्रबंधात पान १४३ वर ‘परित्यक्ता’ ऐवजी ‘कामात असलेली स्त्री’ वाचावे. ही चूक लेखिकेची नसून मुद्रितशोधकाची आहे.

खाडाखोड : कलम ५ मध्ये ‘सुंदर’ हा शब्द खोडला होता, तो पुन्हा लिहिला आहे. मृ. टि.

हे सर्व मी वाचून, तपासून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

मृणालिनी शंकर टिपणीस
विलेपार्ले पूर्व, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :

१. डॉ. रेवती सबनीस. माझ्यासमोर सही केली. प्रकृती व स्मरणशक्ती उत्तम.

२. जया हरेश्वर भानजी. सही करताना पाहिलं. तेव्हाही पाहिलं होतं.