वडील काय करतात?

दौलत,

परवा भरल्या ताटावरून उठलास, ते बरं नाही केलंस. अंबीला शाळेत जीवनकौशल्याच्या तासाला बाईंनी शिकवलंय, कॉलेजच्या मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून खरं ते सांगायचं. घरी सरावाला तूच साहेब होऊन बसलास, तूच विचारलंस, "वडील काय करतात?" ती म्हणाली, "वॉचमन आहेत." काय खोटं बोलली रे? संपात गिरणी गेली त्याला अठरा वर्षं झाली, तुला अजून गिरणी कामगारच म्हणवून घ्यायचंय. दोन दिवस पोर आरशासमोर एकटीच बोलतेय. सकाळी मला विचारते, "आजी, मुलाखतीत काय सांगितलं तर बाबा माझ्याशी बोलतील?"

आज मुलाखतीला कॉलेजवाल्यांनी पालक आणायला सांगितलाय. तिची आई असती तर गेली असती. तू ड्युटीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडलायस, म्हणून मी जातेय. पेज झाकून ठेवलीय, बांगड्याचं तिखलं फडताळात आहे. अंबी खाली जिन्याशी थांबलीय.

तू जागा आहेस, मला कळतं. म्हणून अक्षर अन् अक्षर मोठ्यानं बोलत लिहितेय, ऐक. गिरणीनं टाकलं तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. आज तू तुझ्या पोरीला टाकलंस.