ताग्यात नसलेला धागा

सोमवार, ३ नोव्हें.
शेठ सगळ्यांदेखत बोलला, "भोईर, चेकिंग करते हो या रांगोळी?" चार ताग्यांवर मी तुटक्या धाग्याच्या खुणा केल्या होत्या, खडूने. माल रहीमचाचाच्या पॉवरलूमवरचा. त्याने सगळा उलगडून दाखवला. एक धागा तुटलेला नाही. एकवीस वर्षं कापड तपासतोय, अशी फजिती झाली नव्हती. पण मी बघितला होता. काळा, बारीक, वाकडा. बघितला म्हणजे बघितला.

मंगळवार, ४
धागा भातावर. मग बायकोच्या, सुनंदाच्या कपाळावर. काढायला हात नेला तर म्हणाली, "काय हाय?" म्हटलं, केस. केस नव्हता. छताकडे बघितलं तर तिथेही. नजर वळवली की मागून सावकाश येतो. मी थांबलो की जरा पुढे जाऊन थांबतो. भ्यायलो. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवार, ७. सुट्टी.
लूम बंद. गल्ली इतकी गप्प की कान वाजतात. सु. बाजारातून आली, मी दार उघडलं नि खाटेवर येऊन बसलो. ती उंबऱ्यातच थांबली.
"अवो, घरात कोन आलतं?"
फरशीवर रक्ताचे पाय. मोरीपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. एकाच पायाचे, उजव्या. म्हटलं, कोणी नाही, दार तर आतून लावलेलं. ती ठसे बघत बघत आली नि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या टाचेत काच. सकाळी मोरीत ग्लास फुटला होता त्याची.
"दुखलं न्हाय तुमाला?"
नाही. काच काढली तेव्हाही नाही. मी सोंग करतोय असं वाटलं तिला, ओरडली. मग रडली.

सोमवार, १०
अर्धा दिवस रजा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. थेंब घातले, तासभर बसवलं, सगळं पांढरं धुरकट. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कमजोर रक्तवाहिन्या आल्यात. त्यातून रक्त झिरपतं, तोच तुमचा धागा. साखर किती वर्षं? बारा. गोळ्या रोज?  सु. नेच सांगितलं, कधी घेतात, कधी नाही.
मग म्हणाल्या, "पाय दाखवा."
"डोळ्यांसाठी आलोय बाई."
"डोळ्यांत इतकं असलं की पायही बघावे लागतात. साखर दोन्हीकडे बारीक वाहिन्याच पोखरते. नसांना रक्त पुरत नाही, त्या मुक्या होतात."
नायलॉनचा धागा काढला. धागाच. डोळे मिटा, तळव्याला टेकला की हो म्हणा. मिटले. वाट बघितली. बाई दुसऱ्या कामात असतील म्हणून बोललो नाही. शेवटी म्हटलं, करा की सुरू.
सु. चा आवाज आला. "अवो, झालं त्यांचं."
शनिवारी लेसर. टाळलं तर डोळा जाईल, असं स्पष्ट सांगितलं. अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा. तळवे रोज बघायचे.

बुधवार, १२
सु. म्हणते शेठला सांगा. सांगितलं तर उद्या माझ्या टेबलावर दुसरा. मला दुसरं काही येत नाही, हे तिला कळत नाही असं नाही. तूर्त युक्ती काढलीय. डोळ्याबरोबर हलला तर धागा माझा, जागेवर राहिला तर कापडाचा. दिवसभर चुकलो नाही. बरं वाटलं.

गुरुवार, १३
चेकिंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितोय, टेबलाशीच.
एक धागा जागेवर राहिला. मान हलवली, हलला नाही. म्हणजे कापडाचा. बोटाने चाचपला तर बोटाला काही लागेना. आता डोळा खरा की बोट? खडू धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी हाक मारली, "चाचा, इधर टूटा है क्या?" एकवीस वर्षं हे लोक मला विचारत आलेत.
रहीमचाचा आला. कापडाकडे त्याने बघितलंच नाही, खाली बघत होता.
"भाई, एक चप्पल किधर गई?"
उजवा पाय उघडा. शेडमध्ये शिरताना दोन्ही होत्या. मधे चार लूमच्या गल्ल्यांतून फिरून आलोय, खाली खिळे, पत्र्याचे तुकडे.
चाचा चप्पल शोधायला गेलाय. ताग्यावर खूण केलेली नाही. तळवा बघायला हवा. अजून पाय उचललेला नाही.