शिडीवरून बाकावर

प्रिय आत्या,

तुझ्या साक्षरता वर्गाचं सरकारी अनुदान बंद होतंय, हे कळलं. जुन्या विद्यार्थ्यांनी कचेरीला पत्रं लिहावीत म्हणून तू सगळ्यांना फोन केलेस. मला मात्र नुसतं "जेवलास का?" विचारलंस. का, ते मला ठाऊक आहे.

मी कसला विद्यार्थी! छपराचे पत्रे ठोकायला आलो होतो. तपासणीचे साहेब दारात आणि वर्गात एक डोकं कमी, म्हणून तू मला शिडीवरून उतरवून बाकावर बसवलंस. साहेबांनी नेमकं मलाच फळ्यावर नाव लिहायला सांगितलं. मी खडू धरून नुसता घाम पुसत राहिलो.

"आजच आलाय हो," तू म्हणालीस. "महिन्यानं या आणि बघा."

साहेब गेल्यावर तू माझी शिडी कुलपात घातलीस. "मेल्या, आता माझी लाज राख!"

कुठेच न टिकणारा मी तिथे महिनाभर टिकलो. साहेब आले, मी नाव लिहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात शिडी घेऊन पळालो. तेव्हापासून पाच कामं बदलली.

काल मी कचेरीला पत्र टाकलं. चार ओळींना तीन दिवस लागले; हे पत्र तर तुझा फोन आल्यापासून लिहितोय. लिहिलंय, "मी या वर्गाचा विद्यार्थी आहे. खोटं वाटत असेल तर बोलवा, फळ्यावर नाव लिहून दाखवतो."

हे पत्र मात्र तुला टाकणार नाही. चुकांना लाल पेन लावता लावता रडत बसशील.

जेवलो गं.

तुझा,
शिडीवाला