मागची खोली, ओस्तीचा साचा आणि इतर व्यवस्था

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. (वकीलबाई म्हणतात, कायद्याला या ओळीची गरज नाही. मला आहे.)

मी, खाली सही करणारी, विधवा, धर्माने कॅथलिक, व्यवसायाने ओस्ती भाजणारी, माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवते. ओस्ती म्हणजे मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी फादर प्रसाद म्हणून देतात ती पातळ, गोल, पांढरी चकती. न्यायाधीश कोण येईल सांगता येत नाही, म्हणून खुलासा केला. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना डॉक्टरांनी मला वार विचारला. मी वार सांगितला, शिवाय त्या दिवशी कोणत्या संताचे स्मरण करतात तेही सांगितले, आणि त्या संताला कसे मारले तेही. डॉक्टर म्हणाले, एवढं पुरे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तसा प्रयत्न एकट्या सासूबाईंनी केला होता. त्या आता देवाघरी आहेत, आणि तिथे त्यांना काय ते कळले असेल.

कलम १. देह आणि आत्मा. आत्मा देवाचा आहे, तो त्याने न्यावा. स्वर्गाच्या अलीकडे पापे धुवायला थांबवतात त्या शुद्धिस्थानात माझा मुक्काम जरा लांबेल असा माझा अंदाज आहे, सबब माझ्यासाठी मिस्सा अर्पण कराव्यात, मात्र सकाळच्या. संध्याकाळच्या मिस्सेला अर्धे लोक पेंगतात, आणि पेंगणाऱ्याची प्रार्थना वर पोचते की नाही याचे समाधानकारक उत्तर मला आजवर एकाही फादरांनी दिलेले नाही. शवपेटीत माझा चष्मा घालावा. प्रवचनात मी शांत, मनमिळाऊ आणि सर्वांची लाडकी होते असे म्हणू नये. चर्चमध्ये खोटे बोललेले मला चालत नाही. ऑर्गनवाल्याने त्याचे ते लांबलचक गीत वाजवू नये. माझ्या यजमानांच्या वेळी ते संपेपर्यंत शवपेटी उचलणाऱ्यांच्या खांद्यांना रग लागली होती, आणि त्यातला एक जण आजही मला रस्त्यात भेटला की खांदा चोळतो.

कलम २. संत अंतोनीची मूर्ती. हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचे काम या संताकडे आहे. माझ्याकडची मूर्ती फार कामसू. शेजारच्यांची किल्ली हरवली की ते माझ्याकडे येत, मी मूर्तीसमोर मेणबत्ती लावी, आणि किल्ली सोफ्याच्या फटीत सापडे. समोरच्या किल्लीवाल्याचे म्हणणे असे की, यामुळे त्याची गिऱ्हाइके तुटली. “काकी, तुमच्या संताने माझ्या पोटावर पाय आणला,” असे त्याने मला भर रस्त्यात ऐकवले आहे. सबब सदर मूर्ती मी त्यालाच देते. आता संताने किती शोधून द्यायचे आणि किती नाही, हे त्या दोघांनी आपापसांत ठरवावे.

कलम ३. पैसे. बँकेत जे असेल ते मुलाला. त्यातून आधी चर्चमधला आमच्या बाकावरचा पंखा दुरुस्त करावा. फादरांना नवा लाउडस्पीकर हवा आहे, पण त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, वारा कोणालाच येत नाही. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब आहे. आठवडाभर तो माणसांना वर नेतो आणि रविवारी स्वतः खालीच थांबतो. इथे आला की माझ्या समाधानासाठी मिस्सेला येतो आणि दाराजवळ उभा राहतो, म्हणजे शेवटच्या आशीर्वादाच्या आधी सटकता येते. मी पुढच्या बाकावरून मागे वळून बघत नाही. मला पाठीला कळते.

कलम ४. ओस्तीचा साचा. हा लोखंडी आहे, दोन पाकळ्यांचा, आतून क्रूस कोरलेला. पीठ कालवून त्यावर ओतायचे, दाबायचे, वाफ निघाली की उघडायचे. नंतर गोल कापायचे आणि कातरण पोरांना वाटायचे. फक्त पीठ आणि पाणी, तिसरी वस्तू नाही. हा चर्चचा नियम आहे, माझा नाही. हल्ली ओस्त्या पाकिटातून येतात, त्यामुळे साचा फळीवर बसून आहे.

इथे माझ्या धाकट्या जावेचा उल्लेख करणे भाग आहे.

एकदा रविवारच्या तोंडावर माझी दाढ उपटली, तेव्हा मी तिला म्हटले, एवढा घाणा तू काढ, पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मिस्सेत फादरांनी मोठी ओस्ती तोंडात घातली आणि क्षणभर थांबले. वेदीपाशी मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिले नव्हते. लोक मात्र प्रसाद घेऊन खुशीत परतत होते. शिंप्याची म्हातारी आई बाहेर आल्यावर म्हणाली, “आज देव तोंडाला चव आणून गेला.” मी जागच्या जागी ओळखले. अंगणात, सगळ्यांसमोर, जावेला विचारले, “मीठ घातलंस?”

“चिमूटभर,” ती म्हणाली. “अळणी लागत होतं. घरी आलेल्या माणसाला तरी आपण असं अळणी देतो का?”

मी फादरांकडे पाहिले. ते म्हणाले, देव रागवायचा नाही, पण पुन्हा नको. मला वाटले होते ते निदान बिशपांना तरी कळवतील. मग मी तिला काय बोलायचे ते बोलले आणि तिनेही मला उधार ठेवले नाही. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

साचा मी तिलाच देते. दुसऱ्या कोणाला तो तापवायचा किती ते माहीत नाही.

कलम ५. घर. हे घर माझ्या यजमानांच्या नावावर होते, आता माझ्या नावावर आहे. मागची खोली माझ्या दिराने स्वतःच्या हाताने बांधली. तो गवंडी होता आणि कागदावर त्याचा विश्वास नव्हता, त्यामुळे त्या खोलीवर त्याच्या नावाची विटेवाचून दुसरी खूण नाही. आज तिथे माझी जाऊ एकटी राहते. तिला मूलबाळ नाही. स्वयंपाकघर आमचे एकच, शेगडी एकच, आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीरही एकच, जिच्यासमोर आम्ही रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतो. अबोला असताना घर कसे चालते, असा प्रश्न कोर्टाला पडू शकेल. ते प्रार्थनेवर चालते. रोझरी संपली की आम्ही आपापल्या विनंत्या मोठ्याने मांडतो. ती म्हणते, “ज्यांनी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं त्यांच्यावर दया कर.” मला म्हणावेच लागते, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” मी म्हणते, “रक्तदाबाच्या गोळ्या चुकवणाऱ्यांना सुबुद्धी दे.” तिलाही ऐक म्हणावे लागते. परवा ती म्हणाली, “गुडघे गेलेले असताना माळ्यावर चढणाऱ्यांना सांभाळ,” आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे डबे कोणीतरी खाली काढून ठेवले होते. बाकी रविवारी एकाच बाकावर बसतो, मध्ये माझी पर्स. फादर म्हणाले की एकमेकींना हात देऊन “शांती असो” म्हणतो आणि परत समोर बघतो.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. “आई, तुझ्यानंतर घर विकावं लागेल. काकूला सिस्टरांच्या आश्रमात छान ठेवतात.”

“तुला गोवर आला तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसून होतं?”

“काकू. पण आई, त्याचा आणि याचा काय संबंध?”

“मला दिसतो,” असे म्हणून मी फोन ठेवला आणि वकीलबाईंकडे गेले.

सबब, घर मुलाचे, परंतु माझी जाऊ हयात असेतोवर तिला मागच्या खोलीतून कोणी उठवू नये, खोली भाड्याने देऊ नये, खोलीला कुलूप लावू नये, आणि स्वयंपाकघराचा वापर नाकारू नये. अटी पुढीलप्रमाणे: (अ) मिठाची बरणी वरच्या फळीवर राहील. (आ) माझ्या पश्चात बाकावरच्या माझ्या जागेवर तिने सरकू नये. (इ) माझ्या फोटोला प्लास्टिकची फुले घालू नयेत. हे कलम तिला माझ्या मृत्यूनंतरच वाचून दाखवावे. आधी कळले तर तिला आभार मानावे लागतील, त्यासाठी बोलावे लागेल, आणि तिची पंचाईत होईल.

कलम ६. खुलासा. वरील मजकूर पुरा झाल्यावर सहीच्या वेळी जे घडले ते वकीलबाईंच्या सांगण्यावरून इथे जोडते.

साक्षीदार दोन लागतात. फादर आणि किल्लीवाला येऊन बसले होते. वकीलबाईंनी मजकूर वाचता वाचता चष्मा वर केला आणि किल्लीवाल्याला म्हणाल्या, “तुम्हाला मूर्ती मिळतेय ना? मग तुम्ही साक्षीदार नको. साक्षीदाराला जे ठेवलेलं असतं ते रद्द होतं.” किल्लीवाल्याने क्षणभर विचार केला, मूर्तीकडे पाहिले आणि खुर्ची मागे सरकवली.

जाऊ तेव्हा चहा गाळत होती. तिने हात पुसले आणि फादरांना म्हणाली, “मी करते सही. मला कुठे काही मिळायचंय?”

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी चहाकडे.

“तुम्हालाही नाही करता येणार, बाई,” वकीलबाई म्हणाल्या.

“का? मला सही येते.”

किल्लीवाल्याची सगळी कुलपे घट्ट, तोंडाचे तेवढे सैल. तो म्हणाला, “म्हणजे धाकट्या काकींनाही काहीतरी आहे!”

जाऊ माझ्याकडे वळली. प्रार्थना नाही, चर्च नाही, सरळ मला विचारले, “ताई, काय आहे?”

“मागची खोली,” मी म्हटले. “तू आहेस तोवर. कोणी हलवायचं नाही तुला.”

मला वाटले ती खाली बसेल. तिने टेबलावरचे पेन उचलले आणि कागद पुढे ओढला. “मग तर मी सही करणारच. होऊ दे रद्द.”

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? सोड ते पेन!”

“मला नको तुमची खोली. तुम्ही नसलात तर या घरात मी काय भिंतींवर रागावू? सकाळी उठून अबोला तरी कोणाशी धरू?”

मी पेनाचे दुसरे टोक धरले. फादर सेमिनरीत पुष्कळ शिकले आहेत, पण या प्रसंगाचे शिकवलेले नसावे. ते छताकडे बघत राहिले. मला रडू आले आणि तिलाही आले. हे लिहून ठेवते, कारण उद्या दोघीही नाकबूल करू.

“ऐक,” मी म्हटले. “तू उघड्यावर पडलीस तर मला मेल्यावर चैन पडेल का? आयुष्यभर पडली नाही ती निदान तिकडे तरी पडू दे.”

“मेल्यावर, मेल्यावर काय लावलंय!” ती म्हणाली. “आधी चहा घ्या. निवाला.”

आणि तिने पेन सोडले.

सबब कलम ५ मधील अटी (अ), (आ) आणि (इ) मी रद्द करते. मीठ तिने हाताशी ठेवावे. बाकावर माझ्या जागी बसावे, तिथून वेदी चांगली दिसते. फुलांचे तिला सुचेल ते करावे. आणि मागची खोली नुसती राहायला नाही, तर मालकी हक्काने तिची. मुलगा चिडेल. चिडू दे, तो लवकर निवळतो, बापावर गेला आहे.

दुसरा साक्षीदार अजून हवाच होता, इतक्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात आला. त्याला मी काहीही ठेवलेले नाही, हे वकीलबाईंनी दोनदा विचारून घेतले.

सही: मोठी जाऊ, ओस्ती भाजणारी

साक्षीदार १: फादर. यांना या मृत्युपत्रातून पंख्याच्या वाऱ्याव्यतिरिक्त काहीही मिळत नाही. तो आमच्या बाकावर आहे, त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

साक्षीदार २: गॅसवाला. सिलिंडर खाली ठेवून सही केली.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: मृत भाविकांच्या स्मरणदिनानंतरचा पहिला शनिवार

टीप: कागदाच्या तळाशी जी लांब वाकडी रेघ उमटली आहे ती कोणाचीही सही नव्हे. दोन जावांनी एकच पेन दोन्हीकडून धरल्यामुळे ती उमटली आहे. तिला साक्ष समजून धाकटीची खोली कोणी रद्द ठरवू नये.