शेवटच्या खिळ्यावरची चावी

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझ्या डोक्यावर एव्हाना केस उरले नसतील, तरी मी बारक्याच म्हणणार. इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण तोंड अजून चांगलं चालतं, असं तुझे भावजी म्हणतात.

गल्लीत आता घरोघरी नवी कुलपं आलीत. जो तो आपली चावी खिशात घालून फिरतो. बाबांच्या शिलाईच्या दुकानातली चाव्यांच्या खिळ्यांची फळी मात्र आहे तिथंच आहे, मशीनच्या मागे. आठवते ना? बाहेर जाणारा प्रत्येकजण चावी शिंप्याकडे टाकून जायचा. बाबा शिवणावरची मान न उचलता हात मागे करून बरोबर चावी काढायचे. पण नुसती चावी त्यांनी कधी दिली नाही. "आई दवाखान्यात गेलीय, दूध तापव." "मामा आलाय, त्याच्यासमोर भांडू नका." तू नापास झालास, तेही तुला चावीबरोबरच कळलं.

आणि तू गुरुजींची अन् कंपाउंडरची चावी अदलाबदल केलीस, तो दिवस! गुरुजी स्वतःच्याच कुलपावर डाफरत होते आणि आपण पिंपामागे तोंड दाबून बसलो होतो. तशी पोट धरून मी नंतर कधी हसले नाही.

दुकान अजून रोज उघडतं. शिवण आता फारसं नसतं. काज-बटणं मी दुपारी येऊन करते. बाबा गळ्यात टेप घालून बसतात.

बसतात, एवढंच. पुढचं लिहायचं मी टाळत होते.

परवा औषध कंपनीचा एक मुलगा पत्ता विचारायला दुकानात आला. उंच, खांद्याला बॅग, तू गेलास तेव्हाच्या तुझ्या वयाचा. मी आत इस्त्री करत होते. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, हात मागे केला आणि शेवटच्या खिळ्यावरची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"आलास? आई आत्ताच आडवी झालीय, आवाज करू नकोस. जेवण झाकून ठेवलंय."

बारक्या, ती तुझी चावी. "या खिळ्याला मी जन्मभर लटकून राहणार नाही," म्हणत तू मशीनवर आपटून गेलास, तीच. तू वळणावर दिसेनासा व्हायच्या आत त्यांनी ती उचलून परत लावली होती. आई गेली तेव्हा तू आलास, पण दुकानाची पायरी चढला नाहीस. घराचं कुलूप गंजलंय, बदलू या, असं मी कितीदा म्हटलं. "मग तो आल्यावर त्याला काय देऊ?" एवढंच बाबा विचारायचे.

तो मुलगा भला निघाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. "बरं बाबा," म्हणाला, आणि मागच्या दारानं येऊन चावी माझ्या हातात दिली. बाबा दिवसभर खुशीत होते. "पोरगं वाळलंय," म्हणत राहिले. मला रडू आलं आणि तुझा रागही आला. ती खुशी तुझ्या वाट्याची होती रे.

डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. मला कधी ओळखतात, कधी आई समजून हाक मारतात. मी ओ देते.

चावी मी पुन्हा खिळ्यावर लावलीय. येशील तेव्हा आधी घरी जाऊ नकोस, दुकानात जा. माफी-बिफी काही नको, खुलासे नकोत, नुसता त्यांच्यासमोर उभा राहा. काल ते पोस्टमनलाही चावी द्यायला निघाले होते. अजून ते "आलास?" म्हणतात. "कोण पाहिजे?" म्हणायला लागायच्या आत ये.

त्यांच्याइतका धीर नसलेली,
तुझी ताई